सुई दवाखान्याची, तार सोनाराची: मराठवाड्यात लेकराचे कान कुठे टोचावेत, कधी टोचावेत

लेकराचे कान टोचायचे ठरलं की मराठवाड्यात आज पाच दारं उघडी असतात: सराफ्यातला किंवा गावातला सोनार, बालरोगतज्ज्ञांचा किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांचा दवाखाना, मोठ्या ज्वेलरी शोरूममधलं मशीन, ब्युटी पार्लर, आणि यात्रेत सतरंजी टाकून बसलेला टोचणारा. शेवटच्या दाराबद्दल फार लिहायचं कारण नाही. एकच सुई दिवसभर कानामागून कानात जाते, हात धुवायला पाणी नसतं, आणि दुसऱ्या दिवशी कान सुजला तर तो माणूस पुढच्या यात्रेला निघून गेलेला असतो. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही जातात. तिथे फुगा घ्या, जिलबी घ्या, कान टोचू नका.

उरलेल्या चारांतलं एकही दार पूर्ण चांगलं नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: तार सोनाराकडून करून घ्यावी आणि ती दवाखान्यात सीलबंद सुईने घालून घ्यावी. वेळ पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या तिसऱ्या डोसनंतरची, म्हणजे बाळ साधारण चार ते आठ महिन्यांचं असताना, आणि जमलं तर दिवाळी ते होळीच्या मधली. ही वेळ हुकली तर सरळ पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबावं. पाटी कुणाची आहे यापेक्षा पाळीतून आरपार काय जातं आणि मागच्या बाजूला ते कसं बंद होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

सोनार

सोनाराचं बळ नजरेत आहे आणि तारेत आहे. उद्या या कानात झुबे येणार, वेल येणार, हे धरूनच तो भोकाची जागा बघतो. पाळीच्या खालच्या काठाला फार जवळ टोचलं तर पुढे वजनाने भोक लांबतं आणि शेवटी कान फाटतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. फाटके कान घेऊन आलेल्या बायका त्याने दुकानात पाहिलेल्या असतात.

आता तार. बाळाच्या सुंकल्यासाठी, म्हणजे तारेच्या छोट्या कड्यासाठी, २२ कॅरेटची साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची आणि ३ सेंटिमीटर लांबीची तार पुरते. तिचं वजन २०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे जोडीला सव्वातीन गुंजांच्या जवळपास सोनं लागतं. वळून गोल केली की जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचं कडं होतं. या साध्या तारेला कुठेही डाग, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूचा जोड, नसतो. डागात इतर धातू मिसळलेले असतात. केडीएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या डागात कॅडमियम असायचं. ताज्या जखमेत डाग नसलेलं सोनं असलेलं केव्हाही चांगलं. दुसरं म्हणजे तारेला फिरकी नसते. पाळी सुजली तरी तिला जागा मिळते, मागची बाजू उघडी राहते, पू झालाच तर लगेच दिसतो. बाळाच्या पहिल्या दागिन्यासाठी याहून चांगला आकार आम्हाला माहीत नाही.

अडचण तार घालण्याच्या पद्धतीत आहे. बरेच सोनार तारेचंच एक टोक कानशीने घासून अणकुचीदार करतात आणि तेच कानातून काढतात. कानशीने घासलेलं टोक डोळ्याला टोकदार दिसलं तरी कडेने खरबरीत असतं. ते कातडी कापत नाही, रेटत जातं. त्यामुळे जोर जास्त लागतो, लेकरू जास्त रडतं आणि भोक तिरपं जायची शक्यता वाढते. शिवाय तार नवी असली तरी निर्जंतुक नसते. ती पेटीतून आलेली असते, आणि सोनाराच्या बोटांना दिवसभर टाकणखार आणि तेजाब लागत असतं. काही जण सुई दिव्यावर धरतात. उष्णतेने जंतू मरतात हे खरं, पण काजळी धरते, आणि ती पुसायला हात त्याच जुन्या फडक्याकडे जातो.

गाव लांब असेल, घरात सगळ्यांची इच्छा सोनाराचीच असेल, तर निदान एवढं ठरवून घ्या. मेडिकलमधून सीलबंद सुया आणि हातमोजे तुम्ही न्या, प्रत्येक कानाला वेगळी सुई. तार आणि चिमटा झाकण ठेवलेल्या भांड्यात वीस मिनिटं उकळून घ्या. उकळल्याने सगळेच जंतू मरत नाहीत, पण न उकळण्यापेक्षा फार बरं. हात साबणाने धुऊन मग मोजे. पाळीला स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, ओलं असतानाच टोचलं तर झोंबतंही आणि जंतू मारायला वेळही मिळत नाही. भोक सीलबंद सुईने, त्यामागून तार. "काका, सुई आम्ही आणलीय, हीच वापरा" असं म्हटल्यावर चांगला सोनार रागवत नाही. रागवला तर दुसरा बघा. लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेड-जालन्याच्या सराफ्यापर्यंत सोनारांची वाण नाही.

तार घातल्यावर दोन टोकं एकमेकांत अडकवून दाबतात. ते टोक कुठे वळलंय ते बोटाने चाचपून बघा. बाहेर राहिलेलं टोक मानेला ओरखडे काढतं आणि टोपड्यात अडकतं. दुकानातून उठण्याआधी ते आत वळवून घासून घ्या.

दवाखाना

दवाखान्यात जाण्याआधी फोन करून विचारावं. आमची तार आणली तर घालाल का? ती तुमच्या ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, काढाल का? टोचणार कोण, डॉक्टर स्वतः की मदतनीस? सुई वापरता की मशीन? चौथा प्रश्न विसरू नका. दवाखान्याची पाटी असूनही आत फक्त मशीनच असतं असे दवाखाने आहेत, आणि मग शोरूममध्ये आणि तिथे फरक उरतो तो फक्त फीचा. बिलाबद्दल बोलताना टोचणावळ, सुई किंवा मशीनची सीलबंद कॅसेट आणि सोनं अशा तीन रकमा वेगळ्या सांगायला लावा. एकच आकडा सांगितला की त्यात कानातलं कोणत्या धातूचं आहे हे कळत नाही.

तार दोन दिवस आधी नेऊन दिली की ती इतर हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये जाते. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. सोन्याला यात काहीही होत नाही. खडे किंवा मीना असलेलं कानातलं मात्र देऊ नका.

चांगल्या दवाखान्यात काम असं होतं. आधी वजन आणि ताप बघतात. सर्दी-ताप, कानामागे गजकर्ण किंवा पुरळ, कान वाहणं यातलं काही असेल तर परत पाठवतात, आणि ते योग्यच. मग पाळीला पुढून-मागून लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवतात. ते चढायला तासभर लागतो. मलम लावून दहाव्या मिनिटाला टोचणारा डॉक्टर मलमाचे पैसे घेतो, उपयोग देत नाही. या मलमाची मात्रा मोजून असते: तीन महिन्यांच्या आतल्या किंवा पाच किलोहून कमी वजनाच्या बाळाला एकूण १ ग्रॅमच्या वर नाही, त्यापुढे वर्षापर्यंत २ ग्रॅमच्या वर नाही. दोन पाळ्यांना एक ग्रॅमही पुष्कळ होतं. जास्त झालं तर रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही आणि ओठ निळसर पडतात. म्हणून घरीच मलम थापून येण्याचा उद्योग करू नये. बाळाला सल्फाचं औषध चालू असेल तर तेही आधी सांगावं.

खूण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमकी इथेच घाई होते. बाळाला समोर ताठ धरून, मान सरळ असताना, पेनाने दोन्ही पाळ्यांवर ठिपके द्यायचे. दूध पिताना मान एका बाजूला कललेली असते, तेव्हा दिलेले ठिपके नंतर खाली-वर निघतात. दोन्ही कान कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून ठिपका कानाच्या मापाने न देता चेहऱ्याकडे समोरून बघून द्यावा लागतो. खालच्या काठापासून निदान चार-पाच मिलिमीटर वर, पाळीच्या मध्यावर. पाळी गालाला चिकटलेली किंवा अगदीच लहान असेल तर एवढी जागा मिळत नाही. अशा वेळी थांबावं, पाळी वाढते. मग पाळीमागे टॉर्च धरून शीर ठिपक्याखाली येत नाही ना हे बघतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात हेच सांगितलंय, फक्त तिथे टॉर्चच्या जागी सूर्यप्रकाश आहे: पाळी ताणून उन्हात धरावी, जिथून प्रकाश दिसतो त्या नैसर्गिक जागी सरळ वेध करावा, आणि रक्त जास्त आलं किंवा वेदना जास्त झाली तर जागा चुकली असं समजावं. मुलाचा आधी उजवा कान आणि मुलीचा आधी डावा, हाही क्रम तिथलाच. आई-बापाने ठिपके बघून हो म्हटल्याशिवाय सुई उघडू देऊ नये. पुसून परत द्यायला सांगण्यात संकोच कसला?

टोचताना बाळाला हातांसकट पंच्यात किंवा दुपट्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि डोकं छातीशी घट्ट धरायचं. मामाच्या मांडीचा मान आपल्याकडे आहेच. फक्त मामा घाबरट नसावा, कारण नेमक्या क्षणी हात ढिला पडला तर भोक सरकतं. तारेसाठी सलाईनच्या कॅन्युलाची युक्ती फार चांगली आहे: गुलाबी टोपणाची २० नंबरची कॅन्युला पाळीतून काढतात, आतली सुई मागे ओढून घेतात, प्लास्टिकची नळी पाळीतच राहते. तार नळीत सरकवतात आणि नळी काढली की तार जागेवर. टोचणं एकदाच होतं, तार ओढताना पाळी खेचली जात नाही. इथे चूक होते ती तारेच्या जाडीत. तार नळीतून जाते का हे कान टोचण्याआधी बाहेरच करून बघायचं असतं. सोनाराकडे तार करतानाच हे माप सांगून ठेवलं तर उत्तम. दोन्ही कान लागोपाठ, मग लगेच अंगावर घ्यायचं. मध बोटाने चाटवायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा.

मशीन आणि पार्लर

शोरूममधल्या मशीनचे दोन प्रकार आहेत आणि ग्राहकाला ते सारखेच दिसतात. एक जुनी स्प्रिंगची बंदूक, जिच्यात कानातलं हाताने भरतात. तिचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ शकत नाही, वरून पुसून ती पुढच्या लेकराच्या कानाला लागते. ही सरळ नाकारावी. दुसरा प्रकार एकदाच वापरायच्या सीलबंद कॅसेटचा. स्टुडेक्स, कॅफलॉन अशा कंपन्यांच्या अशा पद्धती आहेत. यात कानाला टेकणारा सगळा भाग कॅसेटबरोबर फेकून दिला जातो. पाकीट तुमच्यासमोर फाडलं का, त्यावर मुदतीची तारीख आहे का, दोन कानांना दोन कॅसेट वापरल्या का, एवढं बघितलं की कळतं.

कॅसेट पद्धत पाळीसाठी चालण्यासारखी आहे आणि काम क्षणात होतं. पण स्प्रिंगचा खटका मोठा वाजतो. पहिल्या कानाला दचकलेलं बाळ दुसऱ्या कानाच्या वेळी मान हलवतं, म्हणून वर-खाली झालेली भोकं मशीनकडे जास्त दिसतात. दोन माणसं दोन मशीन घेऊन एकदम टोचणार असतील तरच आम्ही याला बरं म्हणू. दुसरी तक्रार मागच्या फुलपाखरी पकडीची. तिच्या घड्यांत खपली आणि तेल साठतं, आणि ती दाबत गेली की पाळीत रुतते. पाळी आणि पकड यांच्यात सुजेसाठी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. विकणारा "घट्ट बसवलंय, पडणार नाही" असं अभिमानाने सांगतो, तेव्हा ती पकड एक खाच मागे घ्यायला लावा.

पार्लरमध्ये बहुधा जुनी बंदूक आणि नकली कानातली. नकलीत निकेल असतं. पहिल्याच जखमेला निकेल लागलं तर पुढे आयुष्यभर त्या मुलीला घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, सगळ्याची खाज सुटू शकते. युरोपात टोचण्याच्या कानातल्यांतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा कायदा आहे. इथे डबीवर 'निकेल फ्री' छापलेलं असतं आणि विश्वास आपल्याला ठेवायचा असतो. लेकरासाठी पार्लर नको.

कधी

बारशाला, बाराव्या दिवशी टोचायची रीत जुनी आहे आणि आजीचा आग्रह मनापासूनचा असतो. तिच्याशी वाद न घालता दोन कारणं सांगावीत. पहिलं: महिन्याच्या आतल्या बाळाला कुठल्याही कारणाने ताप आला की डॉक्टरांना तो गंभीर धरावाच लागतो, दवाखान्यात भरती, रक्ताच्या तपासण्या, सगळं आलं. कानाच्या एका भोकासाठी ही जोखीम का घ्यायची? दुसरं: धनुर्वात. बाळाला तोपर्यंत आईला गरोदरपणात दिलेल्या टीडी (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनमधून मिळालेलंच संरक्षण असतं, आणि आईचे डोस चुकले असतील तर तेही नसतं. बाळाची स्वतःची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते, तिचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. तिसरा डोस झाला की साडेतीन महिने भरतात. त्यानंतर पंधरा दिवस जाऊ द्या. एवढ्यावर आजी सहसा मान्य करते, कारण सुश्रुतानेही सहावा-सातवा महिनाच सांगितलाय, बारावा दिवस नाही.

जन्मानंतरचं व्हिटॅमिन के इंजेक्शन दिलंय का हे डिस्चार्ज कार्डवर बघा. घरी बाळंतपण झालं असेल तर ते बहुतेक राहिलेलं असतं. त्याच्या कमतरतेने होणारा रक्तस्राव सहा महिन्यांपर्यंतही होऊ शकतो. नाळ पडताना खूप रक्त गेलं असेल, मामाकडे किंवा मावशीच्या मुलांत रक्त न थांबण्याचा आजार असेल, बाळाच्या हृदयात जन्मजात दोष असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोनार नाही, शोरूम नाही, काही नाही.

वर्ष ते चार वर्षं हा सगळ्यात वाईट काळ. लेकराला ताकद आलेली असते, समज आलेली नसते. पहिला कान झाल्यावर दुसऱ्याला हात लावू देत नाही, आणि झालाच तर दिवसभर कानातलं ओढत बसतं. पाच-सहाला मात्र "मला डूल पाहिजेत" असं स्वतः म्हणतं, बसतं, धुऊ देतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही लेकराला स्वतःच्या कानाची काळजी घेता येईपर्यंत थांबण्याचा आहे. पण फार लांबवूही नये. ज्या घरात जखमेच्या जागी गाठी येण्याची, म्हणजे केलॉइडची खोड आहे, तिथे वयाच्या अकरानंतर टोचलेल्या कानांत ती जास्त दिसते. २००५ मध्ये पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचाही निष्कर्ष हाच होता. आई-बापांपैकी कुणाला केलॉइड असेल तर अकराच्या आत टोचा किंवा टोचूच नका.

ऋतूचं म्हणाल तर चैत्र-वैशाख टाळा. ४२-४३ अंशांत मान-कान घामाने चिकट, वर धूळ, आणि अंघोळीला पाणी टँकरचं. पावसाळ्यात माशा आणि ओल. कार्तिक ते माघ बरा, पण त्यालाही एक खोट आहे: कुंची आणि लोकरीचं टोपडं. लोकरीचा एक धागा तारेत अडकला की टोपडं काढताना कान ओढला जातो. पहिले दीड महिने आत मऊ सुती कापडाचं अस्तर असलेली कुंची घाला, नाड्या पाळीवरून नेऊ नका. मुहूर्त पाळायचा असेल तर गुरुपुष्याला सोनं घ्या, टोचायला डॉक्टर असतील तो दिवस.

जावळाच्या दिवशीच कान टोचण्याची पद्धतही आहे. एकाच दिवसात वस्तरा आणि सुई, भोवती पन्नास पाहुणे, प्रत्येकाला लेकरू उचलून घ्यायचंय. वस्तऱ्याने कापलेले बारीक केस ताज्या भोकात जातात आणि तिथेच अडकतात. टोचणं निदान महिनाभर आधी उरकावं, म्हणजे जावळाच्या फोटोत सुंकली दिसतातही.

टोचल्यावर दीड महिना

पाळीचं भोक आतून बरं व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. बाहेरून आठवड्यातच कोरडं दिसतं, आणि तिथेच लोक फसतात.

धुण्यासाठी सलाईन पुरे. घरी करायचं तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चहाचा पाऊण सपाट चमचा मीठ, रोज ताजं. हात धुवायचे, स्वच्छ कापूस किंवा गॉज भिजवून पुढून-मागून खपली मऊ करून पुसायची, दिवसातून दोनदा. टाकीतलं, ड्रममधलं, बोअरचं पाणी तसंच वापरू नका. साठलेल्या पाण्यात कान पिकवणारे जंतू आरामात राहतात. रोज स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावल्याने नवी कातडी जळते आणि भोक उशिरा भरतं. तार रोज गोल फिरवायचा जुना सल्लाही सोडून द्या. फिरवताना आतली नवी कातडी दर वेळी सोलली जाते. खपली मऊ झाल्यावर तार आपोआप हलते, तेवढं पुरे.

हळद-तेलाचं काय? हळदीने पाळी पिवळी होते आणि लाली दिसेनाशी होते, म्हणजे कान पिकायला लागला तरी दोन दिवस कळत नाही. पूड आणि स्राव मिळून भोकाच्या तोंडाशी बूच बसतं आणि पू आत राहतो. पहिला आठवडा काहीच लावू नका. त्यानंतर खपली कडक होत असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब चालतो. मालीशवालीला मात्र बजावून ठेवा. तिचा हात डोक्यावरून कानावर येणारच, आणि बेसन, पावडर, काजळ सगळं त्या भोकात जाणार.

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, थोडी सूज, पिवळसर कोरडी खपली, हे होतंच. हिरवट पू, पाळी गरम आणि टणक होणं, लाली पाळीवरून कानाच्या वरच्या भागात चढणं, कान डोक्यापासून पुढे ढकललेला दिसणं किंवा ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असेल तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. घरच्या घरी कानातलं काढून टाकू नका. भोकाची तोंडं मिटतात आणि पू आत कोंडतो. काढायचं की ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील. फिरकी पाळीत रुतली असेल तर तीही ओढू नका, ती बधिर करून काढावी लागते.

तार पडली तर? पहिल्या सहा आठवड्यांत भोक काही तासांत आकसतं. त्याच दिवशी टोचलेल्या ठिकाणी जा. घरातली शिवणाची सुई, कडुनिंबाची काडी, खराट्याची काडी, काळा दोरा यातलं काहीही घालू नका. काडी आत तुटते आणि कूस राहते. दोरा पू शोषून धरतो.

कानाच्या वरच्या कुर्च्यात, म्हणजे कडक पण लवचीक भागात, भिकबाळी घालायची हौस लेकराच्या बाबतीत पूर्ण बाजूला ठेवा. कुर्च्याला रक्तपुरवठा कमी असतो, तिथे जंतुसंसर्ग झाला की कुर्चा विरघळतो आणि कानाचा आकार कायमचा चुरगळतो. कुणी मशीनने वरचा कान टोचायला तयार असेल तर त्याच्याकडे पाळीही टोचू नका.

पुढचा दागिना

दोन महिन्यांनी तार काढून डूल किंवा बाळी घालता येते. भोक मात्र पहिले सहा महिने रिकामं ठेवू नका. फिरकीवाल्या कानातल्यात खोडाचं, म्हणजे पाळीतून जाणाऱ्या दांडीचं, टोक गोल बोथट आहे का बघा, आणि फिरकी शेवटपर्यंत पिळू नका. रात्री झोपवताना एकदा बोटाने चाचपायची सवय लावा, सैल झालेली फिरकी बाळाच्या तोंडात जाते. लोंबतं काही नको, एका कानाला ग्रॅमच्या आतच ठेवा. लग्नकार्यात सहा वर्षांच्या पोरीच्या कानात आजीचे झुबे घालून फोटो काढायचे असतील तर वर वेल लावून वजन केसांवर घ्या आणि फोटो झाले की उतरवा.

हॉलमार्कची एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला सक्तीच्या हॉलमार्कमधून सूट आहे, आणि लेकराची जवळजवळ सगळी कानातली दोन ग्रॅमच्या आतली असतात. म्हणजे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२ कॅरेटचा ९१६ हा आकडा आणि एचयूआयडी हा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक नसलेली बाळी विकणं बेकायदा नाही, पण ती खरंच २२ कॅरेटची आहे हे सांगणारंही त्यावर काही नसतं. बिलावर कॅरेट आणि निव्वळ वजन लिहून घ्या, मिलिग्रॅमपर्यंत. पितळी तारेवर सोन्याचं पाणी दिलेल्या बाळ्याही याच ट्रेमध्ये असतात, आणि कान खाजायला लागल्यावरच त्या ओळखू येतात. एचयूआयडी असलेला जोड मिळाला तर तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून दुकानातच तपासा. काही सराफ मागितल्यावर दोन ग्रॅमच्या आतल्या जोडावरही हॉलमार्क करून देतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात.

भोक आधीच लांबलं असेल तर त्यावर चिकटपट्टीचे उपाय करत बसू नका. पूर्ण फाटायची वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जनकडे शिवून घ्या. मोठ्या मुलीला जागा बधिर करून हे काम थोड्या वेळात होतं. नवं भोक तीन महिन्यांनी, जुन्या वणावर नाही, त्याच्या शेजारी.